समजूत आणि शुश्रूषा : दुःखावरच्या काही पुस्तकांविषयी

आयोजकांनी पत्रिकेत विषय छापला आहे 'दुःख आणि साहित्य'. एवढा विषय तासाभरात कुणाला पेलणार? तेव्हा आम्ही तो आमच्या सोयीने लहान करून घेतला आहे. घरातले माणूस जाते, किंवा घरातल्या कुणाला मोठी इजा होते, लांबचे दुखणे लागते. अशा वेळी नातेवाईक, मित्र, शेजारी त्या माणसाशी काय बोलतात आणि त्या बोलण्याचे काय होते, हे काही पुस्तकांच्या आधाराने बघायचे आहे. पुस्तकांची समीक्षाच करायची आहे, पण जरा वेगळ्या कसोटीवर. पुस्तक सुंदर आहे का, खोल आहे का, हे नेहमीचे प्रश्न. आमचा प्रश्न असा की दुःख करणाऱ्या माणसाच्या शेजारी जे दुसरे माणूस बसले आहे, त्याचेही काहीतरी हरवले आहे, हे या पुस्तकाला दिसते का?

आधी आपले शब्द बघू. मराठीत आपण दुःखी माणसाची 'समजूत घालतो'. म्हणजे त्याला काहीतरी समजलेले नाही आणि आपल्याला समजलेले आहे, ते आपण त्याच्यात घालायचे. दुसरा शब्द 'समाचार'. आजाऱ्याच्या समाचाराला जायचे, गेलेल्याच्या घरी समाचाराला जायचे. (हाच शब्द 'समाचार घेणे' असा आला की त्याचा अर्थ खरडपट्टी काढणे होतो, आणि काही नातेवाईक समाचाराला येऊन समाचार घेऊन जातात, हा अनुभव इथल्या बऱ्याच जणांना असेल.) तिसरा शब्द 'विचारपूस'. यातले 'पुसणे' म्हणजे विचारणेच, पण आपल्या कानाला त्यात डोळे पुसणेही ऐकू येते. आणि चौथा शब्द 'शुश्रूषा'. आज आपण तो औषधपाणी, अंथरूण-पांघरूण, बेडपॅन या अर्थाने वापरतो. संस्कृतात मात्र 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूचे ते इच्छार्थक रूप आहे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. त्यावरून सेवा, आणि सेवेवरून रुग्णसेवा.

आमचे म्हणणे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची बस पकडायची आहे त्यांची सोय होईल. तत्त्वज्ञानाने दुःखाच्या बाबतीत आजवर मुख्यतः समजूत घातली. सिसेरो, सेनेका, आपल्याकडचे वैराग्यपर वाङ्मय, सगळी याच घराण्यातली मंडळी. त्यांचे युक्तिवाद खोटे नाहीत. आम्ही ते वर्षानुवर्षे वर्गात शिकवले आहेत आणि आजही त्यांतले बरेच आम्हाला पटतात. पण ज्या पुस्तकांत दुःखाचे खरे चित्र उतरले आहे, तिथे समजूत कोसळताना दिसते आणि तिच्या जागी कुणीतरी ऐकणारे येते, किंवा येत नाही. सगळा खेळ त्या येण्या-न येण्यात आहे.

महाभारतापासून सुरुवात करू. स्त्रीपर्व आपल्याकडे कमी वाचले जाते. युद्ध संपलेले आहे. धृतराष्ट्राचे शंभर मुलगे गेले आहेत. विदुर त्याच्यापाशी बसून समजूत घालतो, आणि काय समजूत! जे साठते ते सरते, जे चढते ते पडते, अशी सुरुवात करून तो पुढे ती प्रसिद्ध रूपककथा सांगतो. अरण्यातल्या विहिरीत एक माणूस वेलींना उलटा लटकला आहे, खाली साप, वर हत्ती, उंदीर मुळे कुरतडत आहेत आणि हा वरून ठिबकणारा मध चाटतो आहे. संसाराचे याहून नेमके चित्र जगाच्या वाङ्मयात फार थोडे असेल. मग व्यासही येऊन बोलतात. म्हणजे त्या काळी उपलब्ध असलेले सर्वोत्तम तत्त्वज्ञान, सर्वोत्तम वक्त्यांकडून, राजाला ऐकवले जाते.

आणि पुढे काय होते? पांडव भेटायला येतात. धृतराष्ट्र भीमाला आलिंगन द्यायला हात पसरतो. कृष्णाने ओळखलेले असते, तो भीमाला बाजूला करून लोखंडाचा पुतळा पुढे करतो आणि म्हातारा तो पुतळा छातीशी धरून चुरडून टाकतो. विदुराचे सगळे अध्याय त्या मिठीत गेले. महाभारतकार यावर भाष्य करत नाही. त्याने फक्त प्रसंगांचा क्रम असा लावला आहे की आधी मध आणि उंदीर, मग लोखंडी भीम. आम्हाला हा क्रम म्हणजे समजुतीच्या तत्त्वज्ञानावरची सर्वात जुनी आणि सर्वात कडक टीका वाटते.

त्यानंतर गांधारीचा विलाप आहे. तो ऐकताना एक गोष्ट लक्षात घ्या. ती नुसती आपल्या मुलांसाठी रडत नाही. व्यासांनी दिलेल्या दृष्टीने तिला सगळे रणांगण दिसते आणि ती एकेक बाई दाखवत जाते. ही उत्तरा, अभिमन्यूपाशी बसलेली. म्हणजे शत्रूची सून. ही दुःशला, जयद्रथाचे मस्तक शोधत धावणारी. ही कर्णाची बायको. शंभर मुलगे गेलेल्या आईला दुसऱ्यांचे गेलेले मोजता येते! ती कृष्णाला शाप देते, तेव्हा ती काही शांत झालेली नाही, समंजस तर मुळीच नाही. पण तिचे दुःख आंधळे नाही. डोळ्यांना पट्टी बांधलेल्या बाईबद्दल हे म्हणावे लागते, यातली गंमत व्यासांच्या ध्यानात आली असणारच.

आणि मग कुंती. सगळे गंगेत उतरून आपापल्या माणसांना पाणी देत असतात, तेव्हा ती मुलांना सांगते, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. सतराव्या दिवशी तो पडला, तेव्हापासून ही बाई गप्प होती. तिच्या समाचाराला कुणी आले नव्हते. तिचे काही गेले आहे हेच कुणाला ठाऊक नव्हते, मग कोण येणार? दुःखाला आधी नात्याचा दाखला लागतो. ज्याच्याकडे तो नाही त्याच्याकडे लोक फिरकत नाहीत. न सांगितलेले प्रेम, गर्भातच गेलेले मूल, भांडून तुटलेला मित्र, घटस्फोटानंतर वारलेला नवरा. आपल्या गल्लीत अशा कुंत्या किती असतील, मोजू नका.

आता एकदम विसाव्या शतकात, ऑक्सफर्डला जायचे आहे. कारण तिथे एकाच माणसाने समजुतीचे पुस्तकही लिहिले आणि ती कोसळल्याचे पुस्तकही लिहिले. सी. एस. लुईस. तुमच्या नातवंडांना तो 'नार्निया'वाला म्हणून माहीत असेल. १९४० साली त्याने 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' हे पुस्तक लिहिले. ईश्वर दयाळू आणि सर्वशक्तिमान असेल, तर जगात दुःख का, हा जुना प्रश्न. पुस्तक चोख आहे. परीक्षेला लावावे असे आहे, आणि लावलेही जाते.

पुढे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, १९५६ मध्ये, त्याने जॉय डेव्हिडमन या अमेरिकन लेखिकेशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. तिला आधीच्या लग्नाचे दोन मुलगे होते, डेव्हिड आणि डग्लस. त्याच वर्षी जॉयचे मांडीचे हाड मोडले आणि तपासणीत कर्करोग निघाला. मार्च १९५७ मध्ये इस्पितळातल्या खाटेशेजारी त्यांचे धार्मिक लग्न झाले. आणि मग कुणाची अपेक्षा नसताना ती सुधारली. हाड जुळून आले, ती चालू लागली. एप्रिल १९६० मध्ये दोघे ग्रीसला जाऊन आले. जुलैच्या १३ तारखेला ती गेली.

त्यानंतर लुईसने वह्यांत जे लिहिले ते 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ड' या नावाने १९६१ साली निघाले, एन. डब्ल्यू. क्लार्क या टोपणनावाने. असे सांगतात की दुःखात उपयोगी पडेल म्हणून काही मित्रांनी ते पुस्तक लुईसलाच वाचायला सुचवले. हा विनोद झाला, पण त्यात त्या मित्रांची तारीफही आहे. बिचाऱ्यांना समजूत घालायची नव्हती, पुस्तक द्यायचे होते.

या छोट्या पुस्तकात १९४० चे सगळे युक्तिवाद मोडतात. त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, आम्ही त्यात शिरत नाही. आम्हाला मोल वाटते ते त्यातल्या बारीक निरीक्षणांचे. एक निरीक्षण असे की त्याला घरात माणसे हवी असतात, पण ती त्याच्याशी बोलायला नको असतात. त्यांनी आपसात बोलत राहावे. हे वाचले आणि आम्हाला आपल्याकडचे दहा दिवस आठवले. समाचाराला आलेली माणसे पहिली पाच मिनिटे घरच्यांशी बोलतात आणि मग ओसरीवर बसून भाताचे भाव, कुणाच्या मुलीचे ठरले, यष्टी किती वाजता, यावर बोलू लागतात. शिकलेल्या तरुण मंडळींना हा असंस्कृतपणा वाटतो. तो तसा नाही. आत भिंतीला टेकून बसलेल्या बाईच्या कानावर जगाचा आवाज येत राहतो आणि तिने उत्तर द्यावे अशी कुणाची अपेक्षा नसते. लुईसला ऑक्सफर्डमध्ये ही ओसरी मिळाली नाही. त्याला भेटणारे लोक जवळ येताना मनात ठरवत असत की विषय काढावा की काढू नये, आणि ते त्याला दिसे. काढला तरी त्रास, न काढला तरी त्रास.

दुसरे निरीक्षण पायाचे. माणूस दुःखातून 'बरा होतो' म्हणजे काय, याचा विचार करताना तो म्हणतो की अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर बरे होणे वेगळे आणि पाय कापल्यानंतर बरे होणे वेगळे. जखम भरते, ताकद येते, माणूस लाकडी पायाने हिंडतो. पण आंघोळ, कपडे, उठणे, बसणे, सगळे बदललेले असते, आणि तो पुन्हा दोन पायांचा होत नाही. मराठीत यासाठी चांगला शब्द आहे, सावरणे. 'ती आता सावरली आहे' असे आपण म्हणतो तेव्हा ती पहिल्यासारखी झाली असे म्हणत नाही. ठेच लागल्यावर तोल सावरतात, तसे. 'रिकव्हर झाली' हा शब्द हल्ली घरोघर आला आहे, त्यात मात्र गेलेले सगळे परत मिळाल्याचा भास आहे. बुडीत कर्ज वसूल झाल्यासारखा.

इथवर लुईसची बाजू. आता त्याची मर्यादा, आणि ती मोठी आहे. पुस्तकात एके ठिकाणी तो लिहितो की मुलांशी त्यांच्या आईबद्दल बोलू लागले की त्यांच्या चेहऱ्यावर दुःख, प्रेम, भीती यांतले काही दिसत नाही. दिसतो तो नुसता संकोच. जणू आपण काही असभ्य करतो आहोत आणि ते कधी थांबते याची ती वाट पाहत आहेत. वाचक या ठिकाणी सहज लुईसच्या बाजूने होतो. बिचारा बोलायला जातो आणि मुले दगडासारखी.

तीसेक वर्षांनी धाकट्या मुलाने, डग्लस ग्रेशमने, या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. तो सांगतो की आई गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि इंग्रजी निवासी शाळेत वाढला होता. तिथे मुलांना शिकवलेली सर्वात पक्की गोष्ट ही की चारचौघांत रडणे याहून लाजिरवाणे काही नाही. लुईस आईचे नाव काढी, तेव्हा मुलाला भीती वाटे की आता आपल्याला रडू फुटेल, आणि त्याहून वाईट म्हणजे यालाही फुटेल. संकोच होता तो याचा.

बघा आता. एका घरात एकाच माणसासाठी दुःख करणारे तिघे, आणि लुईसचा भाऊ धरला तर चौघे. त्यातला एक जण त्या शतकातला नामांकित लेखक, माणसाच्या मनाचे बारकावे टिपणारा. त्याला समोरच्या पोराचा चेहरा वाचता आला नाही. त्याने तो 'समजून' घेतला, त्याचा अर्थ लावला आणि वहीत लिहून ठेवला. पुस्तकाचे नावच मुळी निरीक्षणाचे आहे. निरीक्षण डोळ्यांचे काम, आणि त्या मुलाला हवे होते ते कानांचे. 'ऐकणे' म्हणताना आम्हाला बोलायला लावणे अभिप्रेत नाही, बरं का. गप्प राहण्यातला हुंदका ऐकणे, हेही ऐकणेच.

आणि यातली सर्वात बोचरी गोष्ट अशी. लुईस स्वतः नऊ वर्षांचा असताना, १९०८ साली, त्याची आई कर्करोगानेच गेली होती. 'सरप्राइज्ड बाय जॉय' या १९५५ च्या आत्मचरित्रात त्याने लिहिले आहे की त्या दिवसांत वडील दुःखाने इतके बेभान झाले की दोन्ही मुलगे त्यांच्यापासून मनाने तुटले; भाऊ भाऊ तेवढे एकमेकांना धरून राहिले. म्हणजे हा सगळा प्रसंग त्याने मुलाच्या जागेवरून जगलेला आणि लिहिलेला होता. पाच वर्षांनी तो वडिलांच्या जागेवर आला आणि त्याच्या घरातही दोन भाऊच होते. त्या जुन्या पुस्तकाची आठवण नव्या पुस्तकात त्याला होत नाही. आम्ही हा त्या माणसाचा दोष म्हणून सांगत नाही. दुःख असे करतेच. पण पुस्तकाचा दोष म्हणून जरूर सांगतो, कारण लाखो वाचकांनी शोकाची वाट म्हणून ते हातात धरले आहे आणि त्या वाटेवर एकाच माणसापुरती जागा आहे. ग्रेशमची प्रस्तावना असलेली आवृत्ती मिळाली तर तीच वाचा. त्या प्रस्तावनेने पुस्तक पुरे होते.

फ्रॉइडकडे वळतो, थोडक्यात. 'मोर्निंग अँड मेलँकोलिया' हा त्याचा निबंध १९१७ साली छापून आला. शोक हे एक काम आहे, ते हळूहळू पुरे होते, गेलेल्या माणसात गुंतलेली मनाची ऊर्जा सुटी होते आणि दुसरीकडे जाऊ शकते. ढोबळमानाने असा सिद्धांत. जानेवारी १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी हॅम्बर्गला इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. वय सव्वीस. युद्धानंतरचे दिवस, व्हिएन्नाहून गाड्या नाहीत, आईवडिलांना तिच्या अंत्यविधीला पोचताच आले नाही. तीन वर्षांनी तिचा धाकटा मुलगा गेला, चार वर्षांचा. १९२३ च्याच एका ग्रंथात फ्रॉइडने आपल्या सिद्धांताला थोडी मुरड घातली, पण ज्याला कबुली म्हणता येईल ती तिथे नाही. ती आहे एका पत्रात. १९२९ च्या एप्रिलमध्ये, सोफी असती तर छत्तिसावा वाढदिवस असता त्या दिवसाच्या सुमारास, त्याने लुडविग बिन्स्वांगर या मित्राला लिहिले. बिन्स्वांगरचा मुलगा गेला होता. पत्राचा आशय असा की तीव्र शोक ओसरतो हे खरे, पण त्या जागी दुसरे काही येत नाही, आले तरी ते दुसरेच असते. आणि तसेच असावे, कारण जे प्रेम सोडवत नाही ते टिकवण्याची तेवढीच एक रीत आहे.

सिद्धांत जगाला उद्देशून होता, पत्र एका मित्राला. दोन्हींत विरोध आहे आणि आमच्या मते पत्र बरोबर आहे. पत्र बरोबर का? फ्रॉइड तोवर शहाणा झाला होता म्हणून, हे एक उत्तर. आम्हाला दुसरे जास्त पटते. समोर मुलगा गमावलेला बाप होता, म्हणून त्याला ते खोटे सांगता येईना.

त्या पाच पायऱ्यांविषयी आता बोलावेच लागेल, कारण व्याख्यानानंतर कुणीतरी विचारणारच. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचे 'ऑन डेथ अँड डाइंग' १९६९ चे. त्यात त्यांनी स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून हे मांडले होते. माणूस गमावलेल्यांसाठी ती चौकट मुळात नव्हती. पुढे तिकडेही ती लावली गेली, त्यांनी स्वतःही लावली. मूळ पुस्तकात जे चांगले आहे, म्हणजे मरणाऱ्या माणसापाशी जाऊन बसा आणि तो काय म्हणतो ते ऐका, ते बाजूला राहिले आणि जिना तेवढा लोकांनी उचलला. आता समाचाराला येणारे मनातल्या मनात पायरी मोजतात. हीसुद्धा समजूतच, फक्त रंग नवा.

इजा आणि बरे होणे याबद्दल एकच पुस्तक घेतो. ऑलिव्हर सॅक्स, मेंदूविकारतज्ज्ञ. १९७४ साली नॉर्वेच्या डोंगरात एकटा हिंडताना बैलाला पाहून तो घाबरून पळाला, पडला आणि डाव्या मांडीच्या स्नायूचा कंडरा तुटला. कसाबसा घसरत खाली येताना दोन शिकाऱ्यांनी, बापलेकांनी, त्याला वाचवले. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम झाली. आणि त्याला पाय आपला वाटेना. खाटेवर कुणा परक्याचा पाय पडला आहे असे वाटे. त्याने शल्यविशारदाला हे सांगण्याचा प्रयत्न केला, तर उत्तर मिळाले की पाय ठीक आहे, काळजीचे कारण नाही. कंडरा जोडला म्हणजे काम झाले. 'अ लेग टू स्टँड ऑन' या १९८४ च्या पुस्तकातला हा प्रसंग प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात वाचून दाखवावा. डॉक्टर खोटे बोलला नव्हता. त्याचे विधान पायाबद्दल होते आणि रुग्णाचे स्वतःबद्दल. नंतर सॅक्सने इतर रुग्णांना विचारायला सुरुवात केली, तेव्हा असा अनुभव पुष्कळांना आलेला निघाला. त्यांनी तो बोलून दाखवला नव्हता, कारण कुणी विचारले नव्हते.

पुस्तकाचा शेवटचा भाग मात्र आम्हाला जड वाटतो. तिथे तो कांटला घेऊन येतो. कांट आमचा लाडका, पण त्या पायाला त्याची गरज नव्हती. पाय चालता झाला तो डोक्यात अचानक वाजू लागलेल्या संगीताच्या तालावर, आणि बळ मिळाले ते मुख्यतः बरोबरीच्या रुग्णांत. एकाची कुबडी दुसऱ्याला बघून चालते, हे कुठल्याही फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर अर्धा तास बसलात तर दिसेल.

मराठीत यायला उशीर झाला खरा, पण लक्ष्मीबाई टिळकांवाचून हा विषय पुरा होत नाही. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने निघाली. तिची सुरुवात आठवा. सत्तावन्नच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या धक्क्याने जावयाने, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी, सोवळ्याचे वेड घेतले. धुणे, शिवाशिव, पुन्हा धुणे. बायको धुते आहे, मुली धुताहेत. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. म्हणजे आपल्या जन्माआधी अकरा वर्षे घडलेले दुःख ही मुलगी हाताने पिळून वाळत घालत होती! आणि हे सगळे त्या हसत हसत सांगतात. वडिलांचा राग नाही, त्यांची कीव नाही, मनाचे विश्लेषण तर नाहीच. आईचे हाल मात्र एकही सुटत नाहीत. एकाचे दुःख घरातल्या बाकीच्यांना कसे राबवते, हे लुईसच्या पुस्तकात नाही, फ्रॉइडच्या निबंधात नाही. जलालपूरच्या त्या घरात आहे. आमच्या कसोटीवर हे पुस्तक सगळ्यांत वर.

हे सगळे आता का काढले? २०२० आणि २०२१ मध्ये आपल्याकडे अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. पुष्कळांना शेवटचे दर्शन झाले नाही. दहावे-तेरावे कसेबसे उरकले, ओसरीवर कुणी बसले नाही, भाताच्या भावाबद्दल कुणी बोलले नाही. फ्रॉइडला गाडी मिळाली नव्हती, आपल्याला गाडी असून जाता आले नाही. त्या घरांत आता लोकांना वाटते की एवढी वर्षे झाली, सावरले असतील. तो समाचार राहून गेलेला आहे. अजूनही जाता येतो.

एक चिठ्ठी आली आहे. विचारले आहे की गीता ही तर साक्षात भगवंतांनी घातलेली समजूत, मग तीही तुम्ही बाद करता काय? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की गीता ही शोक झाल्यावरची समजूत नाही. ती कृतीच्या आधीची आहे, आणि तिच्यात अर्जुन पुन्हा पुन्हा प्रश्न विचारतो आणि त्याचे ऐकले जाते. पण याहून चांगले उत्तर महाभारतातच पुढे आहे. गीता सांगितली पहिल्या दिवशी. तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. संध्याकाळी अर्जुन शिबिरात परततो, वाद्ये वाजत नाहीत, समोरून येणारे योद्धे मान खाली घालून बाजूला होतात, कुणी नजर देत नाही. लुईसला ऑक्सफर्डमध्ये भेटले तसेच हेही लोक. आणि मग गीता ऐकलेला तो माणूस मुलासाठी कसा रडतो, ते द्रोणपर्वात काढून वाचा. पुढे कृष्ण सुभद्रेकडे जातो. त्याची बहीण. तिच्याशी तो आधी बरेच बोलतो. क्षत्रियाची गती, वीराचे मरण, जे बोलायचे ते सगळे. तिचा विलाप थांबत नाही. द्रौपदी येते, उत्तरा येते, तिघी रडतात आणि शुद्ध हरपून पडतात. तेव्हा कृष्ण, आता स्वतःही व्याकूळ झालेला, बहिणीवर पाणी शिंपडतो. मग पुन्हा बोलतो, पण मोजकेच. त्यात द्रौपदीला एक काम सांगतो, उत्तरेला तू धीर दे.